भोंगा वाजला नाही

शुक्रवार, तंजावर

आज दिवा उशिरा लागला.

मुरली कॅनडात पहाटे कामावर चालत जाताना मला फोन करतो. इथं तेव्हा तिन्हीसांज असते. बोलता बोलता त्याच्या लाकडाच्या गिरणीचा भोंगा ऐकू येतो, तो "ठेवतो, अम्मा" म्हणतो आणि मी देवापुढे दिवा लावते. त्याचे अप्पा गेल्यापासून हेच माझं घड्याळ.

आज काडी हातात धरून बसले. भोंगा वाजेचना.

"गिरणी बंद केली, अम्मा. काल कुलूप लागलं."

अमेरिकेनं कॅनडातून येणाऱ्या पाइनच्या लाकडावरचा कर आणखी वाढवला, तिकडे माल जाईना. गावात दुसरं कामच नाही. घरं विकायला काढली आहेत म्हणे, पण घेणार कोण?

"मग ये की इकडे," मी म्हटलं. किती सहज म्हणून गेले! त्यानं तिथल्याच लाकडाचं घर बांधलंय, नात तिथल्या शाळेत जाते. मेला तो कर!

"मग आत्ता कुठं चाललायस?" मी विचारलं.

"गिरणीच्या फाटकापाशी आहे. सवयीनं आलो. सगळेच आलेत." मग हळूच म्हणाला, "दिवा लावलास?"

"नाही रे."

मग माझा चाळिशीतला लेक, त्या बंद फाटकाशी, सगळ्यांदेखत, तोंडानंच भोंगा वाजवू लागला. लहानपणी आगगाडी खेळताना वाजवायचा तसा. मध्येच त्याचा आवाज फाटला.

मी काडी ओढली.