हीटरची पायरी

रविवार, ४ मे, संध्याकाळी ६

गाडीचा रेडिएटर धुवायचे गॅरेजवाल्या अकबरभाईंनी सांगितलेले बाराशे रुपये वाचवले. त्यासाठी गेलं ते: अख्खा रविवार, दोन बोटांची साल आणि उल्काचं पुरणाचं पातेलं. जुनं हिरवं कूलंट त्यात काढलं. आता हे स्वयंपाकघरात येणार नाही, म्हणाली. पातेलं की मी, ते विचारलं नाही.

तेहतीस वर्षं छापखान्यातली मशीनं स्वतः दुरुस्त केली. बिघाड कानाला कळतो. पुढच्या रविवारी आमच्या अवनीच्या सलिलचे आई-वडील लग्न ठरवण्याआधी घर बघायला येणार. त्यांना लोणी काळभोरहून आपल्याच गाडीनं आणायचं. उल्का म्हणते, टॅक्सी पाठवू. हे बोलणं शोभतं का?

सोमवार, ५ मे

पार्किंगमध्ये हिरवा ओघळ. शेजारच्या श्रीनिवासरावांनी विचारलं, यंदा आपली रंगपंचमी मे महिन्यात का? हसून सोडून दिलं.

रेडिएटर धुवायचा व्हिडिओ परत पाहिला. एक पायरी राहिली. इंजिन चालू ठेवून हीटर फुल करायचा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. मे महिन्यात? पुण्यात? अकरा वर्षांत त्या बटणाला हात लावलेला नाही. पायरी रद्द.

शनिवार, १० मे

ट्रायल. घर ते मंडई. तापमानाचा काटा निम्म्यावर. आवाज फर्स्ट क्लास.

अवनी म्हणाली, बाबा, प्लीज, अकबरकाकांना एकदा दाखवा ना. लग्नाचं टेन्शन. समजून घेतलं.

रविवार, ११ मे, संध्याकाळी ५

पाहुण्यांना घेऊन निघालो. हडपसरच्या सिग्नलला काटा लाल.

अकबरभाईंना फोन. त्यांनी एकच विचारलं, कूलंट भरताना हीटर लावला होतात ना? म्हटलं, आवाज येत नाहीये. ते म्हणाले, मला तुमचा स्वच्छ येतोय. गाडी बाजूला घ्या, गार होऊ द्या, टोपणाला हात लावू नका. मग हीटर फुल, म्हणजे इंजिनची उष्णता तिकडून निघेल, काचा खाली, आणि हळूहळू घरी जा.

अर्धा तास झाडाखाली. मग बाहेर एकेचाळीस डिग्री आणि आत हीटर. सलिलच्या आई पदरानं वारा घेत होत्या. मी सांगितलं, नवीन सिस्टिम आहे. वडील, गोपाळकृष्णराव, म्हणाले, व्हय, आमच्या गुऱ्हाळात बी हीच हाय.

घरी पोचल्यावर दोघांनी आधी पाणी मागितलं, मग पंखा, मग अवनीची चौकशी केली. जाताना टॅक्सीनं गेले. माझा वेळ वाचावा म्हणून.

एकंदर छाप पडली.

सोमवार, १२ मे

लोणीहून फोन नाही. अवनी न जेवता हिंजवडीला ऑफिसला गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. मी उल्काला म्हटलं, स्थळ चांगलं असेल तर एवढ्यानं मोडायचं नाही. ती म्हणाली, एवढ्यानं म्हणजे केवढ्यानं ते तुम्ही लिहून ठेवा. लिहिलं. दोष व्हिडिओचा आहे. पायरी महत्त्वाची होती, तर ठणकावून सांगायला हवी होती.

मंगळवार, १३ मे

होकार आला! अवनी माझ्याशी बोलली.

साखरपुडा एक जूनला, लोणीत. आम्हाला न्यायला ते गाडी पाठवणार आहेत.