देवघरातला पेला

गुरुजी, आज सकाळी पूजा झाल्यावर तुम्ही दिलेला पेला मी देवघरातून उचलला आणि स्वयंपाकघरात बाकीच्या पेल्यांमध्ये ठेवून दिला. इतकी वर्षं विठोबापुढे पाणी त्याच पेल्यातून ठेवत आलो, इथे जर्मनीतसुद्धा.

तिसरीत माझा पहिला नंबर आला, तेव्हा तुम्ही तालुक्याहून तो आणलात. स्टीलचा, वर माझं नाव कोरलेला. "हा तुझा. आता माठाला हात लावायचा नाही, कोणीतरी वरून ओतेल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." आईनं तो आमच्या वस्तीत घरोघर दाखवला. मीही मिरवला. नाव कोरलेला पेला साऱ्या शाळेत माझा एकट्याचा, आणि माठ माझ्याखेरीज सगळ्यांचा.

रेगेन्सबर्गजवळच्या आमच्या गावात, मुलीच्या शाळेमागे एक कंटेनर आहे. युद्धातून पळून आलेल्या मुलांचा वर्ग त्यात भरतो. दार वेगळं, मधली सुट्टीही वेगळी. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी पालकसभेत विचारलं, तिसरीचा एक वर्ग या मुलांबरोबर एकत्र करायचा आहे, कोण आपलं मूल देईल? एक गृहस्थ अगदी मायेनं म्हणाले, "तिथे त्यांना शांतता मिळते. त्यांच्याच भल्याचं आहे." गुरुजी, भाषा जर्मन होती, पण बोलत तुम्हीच होतात. मी हात वर केला.

घरी बायको भडकली. "अहो, पुढच्या वर्षी चौथी. मार्क घसरले की हुशार मुलांची पुढची शाळा, जिम्नाझियम, गेलं. तुमच्या शाळेचं उट्टं पोरीच्या जिवावर काढताय?"

"काढतोय," म्हटलं. "तिला वेगळं दार चालतं असं वाटायला लागलं, तर जिम्नाझियम घेऊन काय करू?"

आज डबा मात्र तिनंच भरला. वाटेत लेकीनं जर्मनमध्ये विचारलं, "शेजारचीला माझी भाषा आली नाही तर?"

"तुझी पाण्याची बाटली पुढे कर. तिनं दिली तर तिचीही घे."

"ई, पापा."

तुमचा हेतू चांगला होता, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो. यापुढे सांगणार नाही. फाटकापाशी माझे पाय अडखळले, एवढं मात्र तुमच्याजवळ कबूल करतो; बायको म्हणते ते खरंही होईल. तरी तिला त्या वर्गात बसवून आलो.