चपलेची उलटी वेणी

पहिली माळ, सोमवार
रात्रभर डोळा लागला न्हाय. काल चौकात मंडळानं फलक लावला. सहाव्या माळेला सांजचं लहान लहान पिक्चर, सगळ्यास्नी फुकट. त्यात शलाकाचा पण हाय. कॉलेजची पोरगी ती. उन्हाळ्यात आल्ती, चपलेच्या वेण्या घालणाऱ्या आमच्यासारख्या बायकांवर पिक्चर काढायला. मला वाटलं पिक्चर पुण्याला जाईल, हितं कोण बघणार. म्हणून घरात न सांगता बोललो. तोंड दाखवू नको म्हटलं, तिनं न्हाय दाखवलं. नुसतं हात.
हातच दाखवायला नको हुतं.

दुसरी माळ, मंगळवार
माझी वेणी उलटी पडते. उजवं मनगट वाकडं बसलंय, डाव्या हातानं चामड्याची वादी ओढतो. दुकानदार लांबनंच म्हणतो, "ही पारूची." गल्लीला पण ठाऊक हाय. मनगट कसं मोडलं ते पण ठाऊक हाय, मोरीत पाय घसरला. नवऱ्यानं सांगितलं, सासूनं सांगितलं, मी पण सांगितलं.
पिक्चरमधी खरं सांगितलंय. पोरगी झाली म्हणून नवऱ्यानं पिळून मोडलं. बारशाच्या दिवशी.

तिसरी माळ, बुधवार
नवरा फलक वाचून आला. "फुकट हाय म्हणं. शनवारी सगळीच जाऊया की." सासू म्हणाली, "पुढं जागा धराय लागंल." पोरीला भात भरवून मागल्या दारी गेलो.
शलाकाला फोन केला. "ताई, तुमचा भाग काढते मी. शुक्रवारपर्यंत सांगा फक्त."
उद्या सांगतो म्हटलं.

चौथी माळ, गुरुवार
काढ म्हणून सांगायला फोन हातात घेतलेला. तेवढ्यात शेजारची रत्नाक्का आली, वादी मागायला. माझ्या मनगटाकडं बघून म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या मोऱ्या लई निसरड्या गं. मी पण दोनदा पडलो." आन् हसली. पुढचा दात अर्धाच हाय तिचा. इतकी वर्षं बघतोय, आज दिसला.
शलाकाला सांगितलं, काढू नको. ती म्हणाली, "नक्की ताई?"
व्हय म्हटलं. आवाज पण बारीक करू नको.

पाचवी माळ, शुक्रवार
भ्या वाटतंय. लई.
तरी दिवसभर वेण्या घातल्या. सरळ घालायला येती मला, दुखतं पण येती. न्हाय घातली. सगळ्या उलट्याच घातल्या.
पोरीचे दोन फ्रॉक आन् रेशनकार्डाची झेरॉक्स रत्नाक्काकडं ठेवली. तिनं कशाला म्हणून इचारलं न्हाय.

सहावी माळ, शनवार, दुपार
चौकात पडदा बांधालेत. सासू सतरंजी घेऊन आत्ताच गेली. नवरा दाढी करालाय, गाणं म्हणत. मी आखूड बाहीचं पोलकं घातलंय, बांगड्या काढून ठेवल्या. मनगट दिसू दे. पोरीला मांडीवर घेऊन मधोमध बसणार. एका अंगाला रत्नाक्का.
तो उठून आला तर
न्हाय उठणार मी.
वही पिठाच्या डब्यामागं ठेवतो. माझा भाऊ मलकापूरला असतो, नंबर डब्याच्या झाकणाला आतनं लिहिलाय. त्याला पण मोरीचंच सांगितलंय. उद्या कुणी म्हटलं, पारू परत मोरीत पडली, तर ही वही वाचणाऱ्यानं आधी त्याला फोन लावा.