पोटखराब्यावरचं मैदान

मी, आशाबाई कडूबा औताडे, वय एकाहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अकलेनं आणि कुणाचाही चहा न पिता लिहीत आहे. डॉ. सत्यम गाडेकर यांनी मला तपासून मी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला दिला आहे. माझे भाचे विश्वजीत व इंद्रजीत यांनी "आत्याचं डोकं फिरलंय" अशी दवंडी गावभर पिटली असल्यानं दाखल्याच्या दोन प्रती सोबत जोडल्या आहेत. एकेकानं एकेक घ्यावी आणि मोठ्यानं वाचावी.

मी लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही. कागद न करता गेले तर माझी जमीन कायद्यानं माझ्या मयत भावाच्या तिन्ही लेकरांकडे जाईल, म्हणजे खरं तर दोघांकडेच. तिसरीचं काय होतं ते पुढं लिहिलं आहे. तसं होऊ नये म्हणून हा खटाटोप.

एक. मैदानाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर व त्याखालची जागा गोकुळला द्यावी. गोकुळ एकोणीस वर्षं हे मैदान राखतो आहे. दगडी रोलर, चुन्याच्या रेघा मारायची गाडी, पाण्याची मोटार हेही त्याचंच. तो रोलरला शिव्या देतो आणि मग पुसून ठेवतो. असा माणूस मला जिल्हा बेसबॉल संघटनेत एकही भेटला नाही.

दोन. बँकेतली शिल्लक माझ्या जुन्या शाळेतल्या मुलींच्या ग्लोव्हजसाठी. कमान, स्टेज, शाल, श्रीफळ यांवर त्यातला छदामही खर्चू नये. नारळ फोडायचाच असेल तर स्वतःच्या पैशानं आणावा.

तीन. विश्वजीत व इंद्रजीत यांना गेल्या भाऊबीजेला त्यांनी आणलेल्या दोन साड्या, घडीही न मोडलेल्या, परत द्याव्यात. तीस वर्षांत या घराची पायरी न चढलेली ही पोरं रिंग रोडचा बोभाटा झाला आणि एकदम आत्याभक्त झाली. साडीच्या पिशवीत चुकून एक रंगीत माहितीपत्रकही आलं होतं. 'औताडे ग्रीन सिटी'. माझ्या मैदानात पिचर जिथून चेंडू टाकते त्या उंचवट्यावर पोहण्याचा तलाव! वा रे बहाद्दरांनो! आत्या जिवंत आहे हे छपाईवाल्याला तरी सांगायचं होतं. ते पत्रकही त्यांना परत द्यावं.

चार. आता मैदान. गट क्रमांक ११४, चार एकर. सातबाऱ्यावर याची नोंद 'पोटखराबा' अशी आहे, म्हणजे काही पिकणार नाही अशी टाकाऊ जमीन. ती माझ्याकडे कशी आली ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण गावात आता वेगळीच कथा चालते की भावानं बहिणीला प्रेमानं दिली.

शहाण्णव साली वडील गेले. तेराव्यानंतर माझा धाकटा भाऊ आप्पासाहेब एकाच पिशवीत जरीचं लुगडं आणि हक्कसोडपत्र घेऊन आला. आमच्याकडे बहिणीनं लुगडं घ्यायचं, डोळे पुसायचे आणि बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची, अशी रीत आहे. मी लुगडं ठेवून घेतलं आणि कागद परत दिला. "अक्के, माहेर तुटंल हां," तो म्हणाला. मी म्हणाले, "मी इथंच राहते, आप्पा. तुटायला कुठं जाऊ?"

मग त्यानं पंच बसवले. काळं रान, विहीर, आंब्याची झाडं त्याला. दगडगोट्यांचा माळ मला. "घे, हवा खा हवी तेवढी," म्हणाला, आणि पंच हसले. हसोत. त्यांच्यातला एकही आज हे वाचायला नाही.

पण माळावरचा मुरूम निचऱ्याचा असतो, चेंडूला उसळी खरी देतो. बेसबॉल मी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकले होते, तेव्हा तिथं त्याचंच मैदान करायचं ठरवलं. तीन उन्हाळे माझ्या शाळेतल्या मुलींनी माळावरचे दगड वेचले. ते दगड डाव्या हाताला रचले. तिकडे आप्पाचं रान अगदी जवळ, आणि चेंडू पलीकडे गेला की हा शहाणा तो परत देत नसे, भुईमुगासारखा घरात भरून ठेवी. मी गडगा चार फुटांचा सहा केला, सहाचा दहा केला. शेवटी चौदा फुटांची भिंत उभी राहिली. बाहेरगावचे प्रशिक्षक विचारतात, ही भिंत एवढी उंच का? अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या मैदानांनाही अशा खोडी असतात. मालकाला शेजारची जागा मिळाली नाही की भिंत वाकडी आणि उंच होते. त्यांचं कौतुक टीव्हीवर होतं. आमचं कारण आप्पासाहेब.

खेळाडूंनी बसायचे डगआउट तीन फूट खोल हवे होते. साधे मजूर मिळाले नाहीत म्हणून विहीर खणणारे लावले. मी जिल्ह्याच्या बैठकीला गेले आणि परत येते तो काय, तिसऱ्या बेसकडचा खड्डा अकरा फूट! "बाई, हाताला सवय हाय, थांबताच येईना," मुकादम म्हणाला. डोक्याला हात लावला, तेवढ्यात तळाशी पाणी दिसलं. आजवर ते आटलेलं नाही. दोन हजार बाराच्या दुष्काळात काळ्या रानातली आप्पाची विहीर कोरडी पडली आणि तो त्याच खड्ड्यावर बादली घेऊन आला. मी पाणी दिलं. पाइप मात्र त्याच्याच खांद्यावरून आणवला. हा माझा क्षुद्रपणा असेल तर असो, मला फार बरं वाटलं होतं.

चूक माझीही आहे. फलंदाजाला समोर देवगिरीचा किल्ला दिसावा म्हणून मी होम प्लेट तशी बसवली. म्हणजे तोंड मावळतीला. दुपारी चारनंतर उन्हानं डोळे दिपतात आणि चेंडू दिसत नाही. पुस्तकात उलटं सांगितलं आहे. म्हणून आमचे सामने सकाळी सातला सुरू होतात, आणि किल्ला सगळ्यांना दिसतो.

संघटनेबद्दल एवढंच की त्यांनी या मैदानाचं तीनदा उद्घाटन केलं आणि एकदाही झाडलं नाही. तिन्ही कोनशिला मी हातपाय धुवायच्या मोरीत बसवल्या आहेत. वकील तनुजाताईंनी सुचवलं, ट्रस्ट करा, नऊ विश्वस्त नेमा. नऊ विश्वस्त म्हणजे नऊ प्लॉट. नको.

पाच. हे मैदान, भिंतीसकट, पाण्यासकट, मी माझी भाची श्रेया, आप्पासाहेबाची मुलगी, हिला एकटीला देत आहे.

वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावतील. गेलं दीड वर्ष मी तिच्याशी बोललेले नाही, आणि का ते मीच गावाला सांगत फिरले.

ती आठ वर्षांची असताना बापानं जप्त केलेले चेंडू भिंतीवरून परत फेकायची. असा नेम की मी भिंतीअलीकडून ओरडले, "कोण गं तू?" मग ती अलीकडेच आली आणि चौदा वर्षं माझी कॅचर होती. घरी सांगायची, आत्याकडे अभ्यासाला जाते. राज्याच्या संघात गेली तेव्हा बापाला वर्तमानपत्रातून कळलं.

बाप गेल्यावर भावांनी तिला काळ्या रानाची हक्कसोड करायला बोलावलं. तिनं सही केली आणि साडी घेऊन जालन्याला सासरी गेली. मी म्हणाले, माझ्या हाताखाली शिकून कणा नाही म्हणजे काय! देवळापुढं म्हणाले, किराणा दुकानात म्हणाले, तिच्या सासूच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणाले.

जे म्हणाले नाही ते इथं लिहिते. सहीच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला होता. "आत्या, उद्या रजिस्ट्री हापिसात बोलावलंय. दादा म्हणतो, माहेर तुटंल. सही करू का?" तिनं मुलींच्या शिबिराला यायचं कबूल करून दिराच्या लग्नासाठी टाळलं होतं, तो राग माझ्या नाकावर होता. मी म्हणाले, "मला काय विचारतीस? तुझं तुला कळत नाय का?" आणि फोन ठेवला.

आमच्या खानदानात सही नाकारलेली बाई एकच, मी. तिनं दुसऱ्या कुणाला विचारायचं होतं? मी या कागदात सगळ्यांची लाज काढली, पण सर्वात मोठी लाज माझी आहे. पोरी, मला माफ कर.

मैदान विकायचं नाही अशी अट मी घालत नाही. जमीन तिची, मर्जी तिची. पण विश्वजीत आणि इंद्रजीत साडी घेऊन जालन्याला जातील, मी गेल्यावर महिनाभरात जातील. ती पुन्हा फोन हातात घेईल आणि उचलायला मी नसेन. म्हणून उत्तर आत्ताच देऊन ठेवते.

श्रेया, सही करू नको.

हा मजकूर मी वाचून, समजून, खाली सही केली आहे. यापूर्वी केलेला कोणताही कागद रद्द समजावा.

लिहून देणार: आशाबाई कडूबा औताडे

साक्षीदार
१. डॉ. सत्यम गाडेकर, पडेगाव
२. श्रीमती अनसूया देशपांडे, निवृत्त मुख्याध्यापिका

आम्हा दोघांसमक्ष आशाबाईंनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली. या मृत्युपत्रान्वये आम्हाला काहीही मिळत नाही.

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५