बॅच बीचे डबे

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५
फर्स्ट इयरच्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारा कोर्स आजपासून. दोन आठवडे. बॅच ए रणजीतकडे, बॅच बी माझ्याकडे. त्याच्याकडे साठपैकी साठ हजर, माझ्याकडे एकोणचाळीस. चाकणला कंपनीच्या बसेसमुळे ट्रॅफिक होतं. (त्याची मुलंही त्याच रस्त्याने आली. ते वेगळं.)
मधली भिंत प्लायवुडची आहे. पलीकडून सारखं हसू ऐकू येत होतं. मी वेळेचं नियोजन शिकवत होतो.
ठरवलं : रणजीतकडे लक्ष द्यायचं नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर
लक्ष दिलं नाही. सव्वाअकराला दारावरून जाताना दिसलं, एवढंच. मुलं गोल बसून डबे उघडत होती आणि डबा कोणी केला ते सांगत होती. लातूरचा एक मुलगा रडला म्हणे. डबा खाणं सिलॅबसमध्ये कुठे आहे?
रणजीतला त्याच्या बायकोने, पूनमने, वांग्याचं भरीत दिलं होतं. वास आला.

बुधवार, १० सप्टेंबर
मीही डब्याचा तास घेतला. पण शिस्तीत, रोल नंबरप्रमाणे. हॉस्टेलच्या मुलांकडे छबूबाईंच्या मेसचा डबा : दोडका आणि कडेला करपलेल्या दोन चपात्या. मग मी माझा उघडला. बायकोचा, वर्षालीचा, स्टीलचा डबा. दोडका आणि कडेला करपलेल्या दोन चपात्या.
गेटवर मेसचा डबा घेऊन मी तो यात काढून घेतो. फेब्रुवारीपासून. कोणाला सांगायचं कारण पडलं नाही.
निगडीची दिव्या म्हणाली, "सर, मॅडमनीपण दोडकाच दिला?"
हॉस्टेलचा किसन म्हणाला, "न्हाई गं, ही छबूबाईची चपाती हाय. मी डोळे झाकून सांगंन."
वर्ग पहिल्यांदाच हसला. पलीकडे ऐकू गेलं असणार. मी सांगितलं, बायको गावाला गेली आहे, येईल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
दिव्याने माझ्यासाठी घरून डबा आणला. मेथी, भाकरी. न मागता. रणजीतला सहज विचारलं, तुला कोणी आणतं का? नाही म्हणाला. चेहरा उतरला होता. बहुतेक.

मंगळवार, १६ सप्टेंबर
काल गावाहून परतलेल्या किसनने घरची, पीठ पेरून केलेली कांद्याची भाजी आणली. आज तर बॅच एच्या मुलीने डबा आणला. म्हणजे त्याची मुलं फुटायला लागली. स्टाफरूममध्ये मुद्दाम त्याच्यासमोर बसून जेवलो. त्याने स्वतःची चटणी पुढे केली. हरल्यावर माणूस नरम पडतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर
मॅडम कधी येणार, असं एकही मूल विचारत नाही. माझ्यातच रमली आहेत. मेंटॉर निवडायचा फॉर्म शनिवारी. चाळीसच्या वर गेले तर कसं सांभाळायचं, याचं टाइमटेबल केलं.

शनिवार, २० सप्टेंबर
रणजीत ९७. मी १४.
दिव्या त्या चौदात नाही. तिला बाजूला बोलावून विचारलं, मग डबा कशाला आणलास. ती बराच वेळ बॅगेची चेन उघड-बंद करत राहिली.
"सर, मॅडम फेब्रुवारीत गेल्या, ते रणजीत सरांनी आम्हाला सांगितलं. तुम्ही गावाला म्हणालात ना, त्याच दिवशी. कोणी कधी डबा आणायचा त्याची यादीपण त्यांनीच केली, दोन्ही बॅचची. तुम्हाला काही विचारायचं नाही म्हणाले."
भिंत प्लायवुडची. इकडचंही तिकडे जातं. हे लक्षात आलं नव्हतं.
टेबलावर आजचा डबा होता. वांग्याचं भरीत. वासावरून ओळखलं. यादीत शेवटचं नाव त्याने स्वतःचं घातलं होतं.

रविवार, २१ सप्टेंबर, सकाळी
भरीत चांगलं होतं. तिखट थोडं जास्त.
डबा घासला, पुसला. आतापर्यंतचे सगळे मी असेच घासून, पुसून, रिकामे परत दिले. वर्षालीने शेजाऱ्यांची वाटीसुद्धा कधी रिकामी परत पाठवली नाही.
साखर वरच्या फळीवर होती. स्टूल घेतलं. पूनमच्या डब्यात दोन मुठी साखर घातली आणि झाकण लावलं.