केशवकाकांची बाजू

प्रिय लीलाअक्का,

आज आपली शाळा वाचली. ही बातमी तुम्हांला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून घरी येऊन शर्टही न बदलता लिहायला बसलोय.

तुम्ही देवाघरी गेल्यावर पालकांचं जवळजवळ ठरलंच होतं. आपली जेमतेम साठ मुलं रिंगरोडवरच्या मोठ्या शाळेत घालायची आणि आपली शाळा बंद करायची. पुढाकार कुणाचा? केशवकाकांचा. आपल्या चैत्राच्या वडिलांचा. चैत्रा आता आपल्याच शाळेत शिकवते, आणि मला ती... जाऊ दे, तुम्हांला ते मी सातवीत असतानाच कळलं होतं.

मागच्या सभेत मी "शाळा विकताय तुम्ही" म्हणून ओरडलो. टेबलावर हात आपटला, पाण्याचा पेला फुटला. दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं. कॉलेजही असंच सुटलं, सरांशी भांडून.

तुमच्या आजारपणात आलो नाही ते त्याच लाजेने. कॉलेज सोडून तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो? पण अक्का, तुम्हीही एकदा निरोप धाडायचा होता. की मी आपणहून येईन म्हणून वाट बघत होता?

आजच्या सभेला गेलो, तर शाळेच्या फाटकातच चैत्राने अडवलं. "मंजू, ओरडायला आला असशील तर परत जा रे माराय्या. आधी बाबांची बाजू सांग. अक्कांच्या पद्धतीने."

तुमची ती पद्धत! दोघं भांडले की चिंचेखाली चटईवर बसायचं आणि ज्याने त्याने समोरच्याचं म्हणणं मांडायचं. समोरचा "सरी, बरोबर, हेच" म्हणेपर्यंत उठायचं नाही. पोरं जेवून खेळायला लागायची, तरी मी आपला तिथेच.

सभेत उभा राहिलो. म्हणालो, "काकांना शाळा नकोशी झालेली नाही. चैत्रा एकटी तीन वर्ग सांभाळते. तिचा डबा तसाच परत येतो. आवाज बसलाय. ही शाळा आपल्या मुलीला खाऊन टाकेल, अशी त्यांना भीती वाटते. बापाला वाटणारच."

बोलता बोलता मलाच ते पहिल्यांदा कळलं. मी तिच्यावर जीव टाकतो म्हणतो, आणि तिचा बसलेला आवाज मला ऐकू आला नव्हता?

काकांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "सरी. हेच." आणि लगेच, "पण तिचं ओझं उचलणार कोण?"

कडकोळच्या कारखान्यात काम करणारे नागराज उठले. "मला शनिवारी सुट्टी असते. विज्ञान मी घेतो." पद्माबाई म्हणाल्या, "पहिली-दुसरी मला द्या. घरात चार पोरं वाढवलीत, आणखी पंधरा-वीसांना काय भ्यायचं?" हात वर होतच गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "अय्यो, आता मुलांपेक्षा मास्तरच जास्त."

काका माझ्याकडे वळले. "आणि तू? कॉलेज तर अर्ध्यात सोडलंस."

एरवी दुसरा पेला फुटला असता. "गणित घेतो," मी म्हणालो. "रोज सकाळी."

"गणितातच नापास झालास ना?"

"नाही काका. भांडणात."

सगळी सभा हसली. काकाही हसले. शाळा चालू राहणार, असं एकमताने ठरलं, अक्का. एकमताने!

चैत्राने मला अजून हो म्हटलेलं नाही. चौथीची पुस्तकं तेवढी हातात कोंबली आणि म्हणाली, "सोमवारी पावणेनऊ. उशीर चालणार नाही."

वर्ग आटोपला की त्याच दिवशी कॉलेजात जाईन. ज्या सरांशी भांडलो त्यांची माफी मागेन, आणि राहिलेली दोन वर्षं पुरी करीन. तुम्हांला शब्द देतो. पदवी लागते म्हणून तर आहेच, पण चौथीतल्या एखाद्या पोराने "सर, तुम्ही का शिकला नाहीत?" असं विचारलं, तर त्याच्याशी मला खोटं बोलायचं नाही.

तुमचा, आणि सोमवारपासून चौथीचा,
मंजू