वाळका धावडा तोडू नये

मी, शिवप्पा सोमलिंग हत्तरगे, वय ७४, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, निवृत्त वार्ताहर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एका पक्ष्याचं डोकं कसं होतं, एवढंच अजून ठरलेलं नाही, आणि कलम दोन तिथंच अडलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगी शिवरंजनी हिला. दुर्बीणही तिलाच.

२. डोंगराकडचं माझं स्वकष्टार्जित दोन एकर रान. बारा वर्षांपूर्वी तिथल्या वाळक्या धावड्यावर भरदुपारी एक छोटं घुबड दिसलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. दुर्मीळ रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. पत्नी शांताक्का शेजारी उभी होती. म्हणाली, "अहो, ठिपके हायेत की. जरा नीट बघा." पण मला सहाच्या आत बातमी पाठवायची होती. रानपिंगळा सापडला, अशी पाठवली. वनखात्याची माणसं तीन दिवस फिरली. त्यांना पिंगळेच दिसले. धाकटा भाऊ श्रीशैल अजून चारचौघांत विचारतो, "अण्णा, तुमच्या घुबडाची बदली झाली व्हय?"

शेवटच्या आजारात शांताक्का आपण होऊन म्हणाली, "न्हवते वो ठिपके. पानांतनं उन्हाचे ठिपके पडले होते." वाळक्या झाडाला पानं कुठली? पण शेजारी कडुलिंब आहे. तिला खरंच आठवलं, की तिनं माझं मन राखलं? पाच वर्षं झाली, उत्तर रोज बदलतं.

आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं: रानपिंगळा असेल तर झाडी राखावी, पिंगळा असेल तर श्रीशैलनं ती तोडून तूर पेरावी. तो कागद मी फाडला. एकाचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, दुसरा श्रीशैलच्या कुऱ्हाडीखाली. घरट्याला वाळक्या झाडातली ढोली दोघांनाही लागते. रान शिवरंजनीला. वाळका धावडा तोडू नये.

३. श्रीशैलला काही नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून त्यालाच साक्षीदार केलं.

४. शिवरंजनीनं कधीतरी तो पक्षी समोरून, चांगल्या उजेडात बघावा आणि दिसेल तेच वहीत लिहावं. घाई नाही.

ठिकाण: अणदूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४
(सही) शिवप्पा सोमलिंग हत्तरगे

साक्षीदार:
१. श्रीशैल सोमलिंग हत्तरगे (ठिपके होते.)
२. शरणम्मा महालिंग कोरे, शेजारीण (त्यांना सही करताना मी बघितलं. पक्षी बघितला न्हाय. शांताक्का खोटं बोलत नव्हती.)